पाऊण इंच

सकाळी बरोबर सहाला माझी बहीण, मुलांची आत्या, माझ्या थोरल्या मुलीच्या खोलीत गेली. मी, धाकटा मुलगा आणि सून बाहेर बोळात उभे राहिलो. थोरलीनं डोळे उघडायचे, पण उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम होता. आत्या तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायची. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तरी चालतं, असं नर्सनं तिला सांगितलं होतं. तिला ते पटलं नाही. तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतलेली बाई ती.

"बहात्तर," बाहेर येऊन ती म्हणाली आणि वहीत लिहिलं.

"काल किती होती?" धाकट्यानं विचारलं.

"चौऱ्याहत्तर. परवा बहात्तर. तेरवा शहात्तर. पहिल्यापासून वाचून दाखवू का?"

"नको, हजेरी मास्तर. माझी तेवढी लावून टाक. मी वेळेवर आलोय."

"तू चौदा महिन्यांनी आलायस. तुझ्या नावावर लाल शाई आहे."

आम्ही हसलो, पण तोंडावर हात धरून. घरात मोठ्यानं बोलायचं नाही हाही नियमच होता. डॉक्टरीणबाईंनी तो कागदावर लिहून दिला होता. भरपूर झोप, पडदे ओढलेली खोली, वादावादी नको. आमच्या घरात वादावादी नको म्हणजे श्वास नको म्हणण्यासारखं. गेले तीन महिने आम्ही सगळी भांडणं कुजबुजत केली. कुजबुजत भांडताना माणूस किती वाईट बोलू शकतो ते मला या तीन महिन्यांत कळलं.

तो बुधवार होता. गुरुवारी थोरलीला दवाखान्यात भरती करायचं होतं आणि शुक्रवारी ऑपरेशन. सोमवारी धाकट्याला परत बोटीवर जायचं होतं.

थोरलीच्या गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. तिच्या आईची करायची तशीच. छातीत धडधड, हात कापणं, भूक राक्षसासारखी आणि अंग मात्र रोज झडत चाललेलं. ही ग्रंथी काढून टाकायची होती, पण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं होतं, "काढणं सोपं आहे. त्याआधी तिला शांत करायला महिने लागतात. ती भडकलेली असताना चाकू लावला तर ती सगळं एकदम रक्तात सोडते, आणि मग नाडी आणि ताप कुणाच्या हातात राहत नाही."

त्यांना पुढे सांगायची गरज नव्हती. माझी बायको, थोरलीची आई, गेली ती तशीच. सगळं सांगत नाही, थोडक्यात सांगतो. पित्ताशयाचं ऑपरेशन घाईत करावं लागलं, ऑपरेशन चांगलं झालं, आणि संध्याकाळपासून ताप चढायला लागला. नाडी एकशे साठ. बडबड. दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. गळ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. त्या कुणीमध्ये मीही आलो.

थोरलीची तयारी तीन गोष्टींची होती. पहिली गोळी, ग्रंथीचं काम कमी करणारी. ती तीन महिने चालू होती. दुसरी गोळी, हृदयाची गती खाली ठेवणारी. तिसरे आयोडिनचे थेंब, फक्त शेवटच्या दहा दिवसांचे, म्हणजे ग्रंथी आकसते आणि कापताना रक्त कमी जातं. दहा दिवसांच्या पुढे थेंबांचा गुण राहत नाही. म्हणून तारीख एकदा ठरली की हलवायची नसते. त्या बुधवारी थेंबांचा नववा दिवस होता.

कामं आम्ही वाटून घेतली होती. नाडी आत्याकडे. थेंब सुनेकडे. ती दुधात थेंब मोजून टाकायची आणि दातांना डाग पडू नये म्हणून नळीनं प्यायला द्यायची. थेंबांचा तपकिरी डाग फडक्यावर पडला की जात नाही. गोळ्या थोरलीच्या स्वतःकडे होत्या. चौतीस वर्षांची बाई, ती काय लहान आहे, असं आम्हीच म्हणालो होतो.

माझ्याकडे काही काम नव्हतं. मी शिंपी. डॉक्टरीणबाईंच्या कागदाच्या शेवटी एक ओळ होती, "पुढून बटणं असलेला, गळ्याशी मोकळा शर्ट आणावा." ती ओळ मी माझ्या वाटणीला घेतली.

*

चहा झाल्यावर थोरलीला दुकानात बोलावलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापायचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री. काजं आणि बटणं हे थोरलीचं काम होतं. हात कापायला लागल्यापासून तिनं सुई धरली नव्हती.

"पुन्हा माप कशाला?" ती म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वीच घेतलंत ना? निळ्या शर्टाच्या वेळी."

"शर्ट नवा, माप नवं."

"गिऱ्हाइकाला असंच सांगून दोनदा बोलावता तुम्ही."

"गिऱ्हाईक गप्प उभं राहतं. हात बाजूला घे."

ती उभी राहिली. मी छाती मोजली, खांदा मोजला. मग दंड. टेप दंडाभोवती फिरवली आणि आकडा बघितला. सव्वानऊ. टेप सोडून पुन्हा लावली. सव्वानऊ. निळ्या शर्टाच्या वेळी दहा होता. मला ते वहीत बघावं लागलं नाही. गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता आणि ती भरायला लागली होती, म्हणून मी तो आकडा मनात धरून ठेवला होता. त्यानंतर महिनाभरानं रक्तही चांगलं आलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती.

"किती?" तिनं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

मग गळा घेतला. पाव इंच वाढलेला. माझी बोटं तिच्या गळ्यावर होती आणि गळा बोटांखाली गरम लागत होता.

मी माझ्या बायकोचे कपडे पंचवीस वर्षं शिवले. शेवटच्या दोन वर्षांत मी ते तीनदा कमरेत आत घेतले आणि तीनदा गळ्याशी सैल केले. ती म्हणायची, गळा आवळतो. मी उसवायचो, अर्धा इंच सोडायचो आणि पुन्हा शिवून द्यायचो. ती घालायची आणि म्हणायची, आता बरं वाटतं. टेप मी लावली, आकडे मी लिहिले. एका बाजूला बाई झिजते आणि दुसऱ्या बाजूला तिचा गळा वाढतो, हे माझ्याच अक्षरात माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी फक्त कपडा दुरुस्त केला.

"बाबा, झालं का?" थोरली म्हणाली. "माझे हात दुखले."

"झालं. जा, पड जरा."

ती गेली. जाताना तिनं दाराची चौकट धरली.

*

स्वयंपाकघरात मी तिघांना सांगितलं. दार लावून घेतलं होतं आणि नळ थोडा सोडून ठेवला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"पाऊण इंच," मी म्हणालो. "दंडात. एवढ्यात भरायला पाहिजे होती. ती उतरलीय."

"पाऊण इंच म्हणजे केवढं हो, बाबा?" धाकटा म्हणाला. "टेप इकडची तिकडे झाली असेल."

"चाळीस वर्षं टेप धरतोय मी."

"तसं नाही. तुम्ही घाबरलाय. आम्ही सगळेच घाबरलोय. पण परवा ऑपरेशन आहे आणि तुम्ही आज शर्टाचं माप काढून बसलाय."

माझ्या बहिणीनं वही टेबलावर आपटली, तीसुद्धा हलकेच. "आणि ही काय खोटी? पस्तीस दिवसांची नाडी आहे यात. एक दिवस चुकला नाही. दादा, तू माझ्या हजेरीवर शंका घेतोयस."

"वही खरी आहे. पण नाडी गोळीनं दबते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एकट्या नाडीवर जाऊ नका, अंग बघा."

"मग त्या वेळी मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, नाडी म्हणजे नाडी."

तिनं तोंड फिरवलं. आमच्या घरात हे नेहमीचं. माझी बहीण रागावली की धाकटा तिच्या बाजूला जातो. लहानपणापासून तेच. तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "डॉक्टरांना फोन केलात तर त्या तारीख पुढे ढकलतील. त्यांना काय, ढकलायला एक ओळ लागते. मग मी काय करू? आईच्या वेळी मी भर समुद्रात होतो. चार दिवसांनी कळलं मला. चार दिवस मी तिकडे जेवत होतो, पत्ते खेळत होतो, हसत होतो. या वेळी मी इथे आहे. मला इथे असू द्या."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

सून सिंकपाशी उभी होती. तिच्या हातात एकच कप होता आणि ती तो केव्हापासून विसळत होती. तिनं पुढे मला सगळं सांगितलं, म्हणून तिची बाजू इथेच सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याच्या कोटाला बटण हवं म्हणून तिनं दुकानातला बटणांचा डबा उघडला. थोरलीनं काम सोडल्यापासून तो डबा कुणी उघडत नव्हतं. बटणांखाली तिला गोळ्यांची पाकिटं सापडली, न फोडलेली. ती पाकिटं घेऊन सून थेट थोरलीच्या खोलीत गेली. या दोघींचं सात वर्षांत कधी जमलं नव्हतं. भांडं कुठे ठेवायचं यावरून सुरुवात व्हायची आणि कुठेही जायची. त्या दिवशी थोरलीनं तिचा हात धरला. म्हणाली, तू सांगितलंस तर तारीख जाईल. तारीख गेली तर तुझा नवरा येईल आणि नुसता परत जाईल. आणखी एक कारण तिनं सांगितलं, ते पुढे येईल.

"सात वर्षांत पहिल्यांदा ताईंनी माझ्याकडे काही मागितलं होतं, बाबा," सून मला म्हणाली. "आणि मलाही तारीख जायला नको होती. ते चौदा महिन्यांनी येणार होते. मी स्वतःला सांगितलं, थेंब तर मी देतेय. माझं काम मी चोख करतेय."

त्या सकाळी तिनं कप ठेवला, नळ बंद केला, आणि एकदम इतकी शांतता झाली की आत्यानं मान वर केली.

"बटणांचा डबा बघा," सून म्हणाली.

"काय?" धाकट्यानं विचारलं.

"बटणांचा डबा. बाबा, तुम्ही बघा. मला आणता येणार नाही."

*

मी पाकिटं थोरलीच्या पांघरुणावर ठेवली. पडदा ओढलेला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं वळून बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

"तिनं सांगितलं," ती म्हणाली.

"तिनं नंतर सांगितलं. मला आधी टेपनं सांगितलं. किती दिवस झाले?"

"सव्वीस."

"का?"

"घसा दुखायला लागला. कागदावर लिहिलंय, घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी बंद करा."

"आणि त्याच दिवशी येऊन रक्त तपासा. तेही लिहिलंय. त्याच ओळीत."

"माहीत आहे मला."

"मग?"

"गेले असते तर त्यांनी थांबवलं असतं सगळं. तारीख मिळाल्याला तेव्हा आठवडा झाला होता. त्याची रजा मंजूर झाली होती. घसा चार दिवसांत बरा झाला, बाबा. दुसरी गोळी घेते मी, थेंब घेते. नाडी बघा ना. आत्याला विचारा."

"घसा बरा झाल्यावर पुन्हा का नाही सुरू केलीस?"

"पुन्हा दुखला असता तर?" ती उठून बसली. तिचे डोळे आधीपेक्षा मोठे वाटत होते, आईचे वाटायचे तसे. "तुम्ही सांगणार आहात का त्यांना?"

मी पांघरुणावरची पाकिटं गोळा केली.

"आईच्या ऑपरेशनच्या कागदावर सही कुणी केली?" तिनं विचारलं.

"तू."

"तुम्ही कुठे होतात?"

"दुकान बंद करायला आलो होतो. एकाचा कोट द्यायचा होता."

"ते मी कधी काढलं नाही. आजही काढत नाही. मी दुसरं सांगतेय. नंतर तुम्ही दवाखान्यातल्या त्या बाकावर बसलात. चहाचा कप हातात धरून. चहा गार झाला, साय आली, संध्याकाळ झाली. मी कप काढून घ्यायला गेले तर तुमची बोटं सुटेनात. मी होते म्हणून मी ती सोडवली." तिला दम लागला. ती थांबली. "मला काही झालं तर त्या बाकावर तुमच्या शेजारी कोण असणार? आत्या वही घेऊन? मला तो तिथे हवाय. शुक्रवारी तो आहे. नंतर नाही. एवढंच आहे, बाबा. कुणाला सांगू नका."

दारात धाकटा उभा होता. त्यानं किती ऐकलं ते माहीत नाही, पण पुरेसं ऐकलं असावं. तो आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसला.

"ताई, मी रजा वाढवून मागतो."

"मिळेल?"

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला क्षणभर वाटलं. "नाही," तो म्हणाला.

"मग बाबांना सांग, गप्प बसा म्हणावं. तुझं ते ऐकतील."

त्यानं माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात तो माझ्याविरुद्ध होता. आता तो कुठल्या बाजूला आहे हे त्यालाच कळत नव्हतं. मला त्याची दया आली. ऑपरेशन चांगलंही झालं असतं, कोण जाणे. नाडी बहात्तर होती. वही स्वच्छ होती. डॉक्टरीणबाईंनी कदाचित वजनाकडे बघितलंही नसतं. मी गप्प बसलो असतो तर घरातली चारही माणसं माझ्यावर खूश राहिली असती.

गप्प बसणं मला चांगलं येतं. दोन वर्षं मी गळे सैल करत बसलो होतो.

मी बाहेर येऊन फोन लावला. मागे थोरली ओरडली, "बाबा!" तीन महिन्यांत त्या घरात कुणी एवढ्या मोठ्यानं बोललं नव्हतं. माझी बहीण धावत आली आणि सवयीनं म्हणाली, "हळू!" मग तिनं माझ्या हातातला फोन बघितला, आणि जी मला अडवेल असं वाटलं होतं तीच खोलीच्या दारात आडवी उभी राहिली, धाकट्याला बाहेर येऊ न देता.

"बोलू दे त्याला," ती म्हणाली.

*

त्याच दिवशी अकरा वाजता आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाई आमच्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी थोरलीला वजनकाट्यावर उभं केलं. मग तिला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, बोटं पसरून, आणि तिच्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड थरथरत राहिली. खोलीत सगळे त्या कागदाकडे बघत होते. थोरलीसुद्धा बघत होती, जणू हात दुसऱ्याचे आहेत.

रक्ताचा निकाल संध्याकाळी आला. त्यांनी मला आणि धाकट्याला आत बोलावलं.

"शुक्रवारी नाही," त्या म्हणाल्या. "आकडे जवळपास पहिल्या दिवसाइतके आहेत. नाडी आपण गोळीनं धरून ठेवली होती, म्हणून सगळं चांगलं दिसत होतं."

"नेली असती तर?" धाकट्यानं विचारलं.

त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तिला इथेच ठेवून घेते. थेंब वाया गेले, आता बंद करताना ग्रंथी उसळू शकते. गोळी पुन्हा सुरू करू. सहा आठवडे, कदाचित आठ. मग थेंब पहिल्यापासून."

"आणि घसा? गोळीनं पुन्हा दुखला तर?"

"या गोळीनं कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि घसा धरतो. त्या बघितल्या मी. उत्तम आहेत. तो साधा घसा होता." त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. "ज्या दिवशी दुखला त्याच दिवशी आल्या असत्या तर अर्ध्या तासात रक्त बघून सांगितलं असतं मी. दुसऱ्या दिवसापासून तीच गोळी सुरू. तारीखही राहिली असती."

धाकट्यानं ते मला दोनदा म्हणून दाखवलं, बाहेर बोळात. "तारीख राहिली असती. बाबा, तारीख राहिली असती." मग तो बाकावर बसला. तो तोच बाक आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो.

हे थोरलीला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. पण डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच सांगितलं होतं. लपवून पुन्हा तेच होईल, असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होतं.

*

धाकटा सोमवारी गेला. वॉर्डात बहिणीला भेटायला गेला तेव्हा ती त्याच्याशी बोलली. सुनेशीही बोलली. सुनेनं तिच्या पलंगाशेजारी बसून सॉरी म्हटलं, तेव्हा थोरली म्हणाली, "तू कशाला सॉरी? तू तर सातव्या वर्षी पहिल्यांदा माझं ऐकलंस." दोघी हसल्या असं आत्यानं मला सांगितलं. माझ्याशी ती बोलली नाही. मी गेलो की ती भिंतीकडे वळायची. मी स्टुलावर बसायचो. अर्ध्या तासानं उठायचो.

सातव्या दिवशी तिला घरी आणली. माझी बहीण पुन्हा सहाच्या ठोक्याला वही घेऊन जायला लागली, पण आता ती वही माझ्याकडे उघडी टाकून जायची. पूर्वी ती कुणाच्या हातात देत नसे. गोळ्या तिनं स्वतःकडे घेतल्या होत्या. थोरलीनं गिळली की तोंड उघडून दाखवायला लावायची.

"जीभ वर."

"आत्या, मी कैदी आहे का?"

"कैद्यांवर माझा विश्वास असतो. जीभ वर."

दवाखान्यासाठीचा शर्ट माझ्याकडे पडून होता. त्या बुधवारी माप घेतलं खरं, पण कापड कापायला बसलो तेव्हा हात सव्वानऊवर जाईना. मी तो निळ्या शर्टाच्या मापानं कापला होता, दहाच्या. गळा मात्र मोकळा ठेवला होता, कागदावर होतं तसा. रविवारी मी तो तिच्या खोलीत नेला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. म्हटलं, घालून बघ, नाहीतर राहू दे. मी दाराबाहेर गेलो.

थोड्या वेळानं आत्यानं हाक मारली.

थोरली शर्ट घालून खोलीच्या मध्ये उभी होती. खांदे उतरले होते, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या, दंडापाशी कापड नुसतं लोंबत होतं. पडदा थोडा सरकवला होता, त्यामुळे सगळं दिसत होतं.

"अरे, हे काय शिवलंस?" माझी बहीण म्हणाली. "बुजगावणं दिसतेय पोर. आत घे की जरा, दादा. दोन्हीकडून इंच इंच घे, बसेल छान."

माझ्या शर्टाच्या खिशावर टाचण्या लावलेल्या असतात, नेहमीच. हात आपोआप तिकडे गेला. मी एक टाचणी काढली आणि पुढे झालो. थोरलीच्या दंडापाशी कापड चिमटीत धरलं.

"आईचे किती वेळा आत घेतलेत?" थोरली म्हणाली. अकरा दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती.

"तीनदा."

"गळा?"

"तोही तीनदा. सैल केला."

तिनं माझ्या चिमटीतून कापड सोडवलं. हात कापत होता, पण सोडवलं. "हा राहू दे असाच," ती म्हणाली. "टेप आणा."

मी टेप आणली. तिनं बाही खांद्यापर्यंत वर केली आणि दंड पुढे केला. माझ्या बहिणीनं न सांगता वही उघडली, नाडीच्या आकड्यांच्या शेजारी पट्टीनं एक नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, माप. मी टेप फिरवली. ती खाली वाकून आकडा बघत होती. मीही बघत होतो. टेप किंचित सैल धरली तर आणखी एक रेघ पुढे जाता येत होतं.

"सैल नको, बाबा," थोरली म्हणाली. "खरं धरा."

मी धरलं.

"नऊ," मी म्हणालो. सव्वानऊसुद्धा नव्हतं.

आत्यानं नऊ लिहिलं आणि खाली पुढच्या रविवारची तारीख टाकली.